आत्याच्या फोटोची घोंगडी

९ डिसेंबर, सोमवार. सातारा

आज सगळ्यांना कंपनीची जॅकेटं मिळाली. गडद निळी, छातीवर पांढऱ्या धाग्याने ‘लोकरवाट’ आणि खाली छोटी मेंढी. मी ते घालूनच खोलीवर आले, तेही मुद्दाम लांबच्या रस्त्याने. कॉलेजात असताना याच मेंढीपायी आडनाव सांगताना माझा आवाज खाली जायचा. “मेंढरं राखता का गं तुम्ही?” असं विचारणाऱ्या मुलींना काय उत्तर द्यावं ते पदवी हातात येईपर्यंत मला सुचलं नव्हतं. आता उत्तर छातीवर शिवलेलं आहे.

नवीन लागलेल्या मुलांना कंपनीची ओळख करून द्यायला ऋषिराज सरांनी मलाच उभं केलं. सर म्हणजे कंपनीचे मालक. “राणी बोलेल. कंपनी म्हणजे तिचं घरच,” म्हणाले. मी सांगितलं : आटपाडीच्या पुढे आमची वाडी. धनगरांची घरं, कुसळाचं रान, मेंढ्या. आमच्यात बायका सूत कातायच्या आणि पुरुष घोंगडी विणायचे. पण माझी आत्या भामाबाई तिचे यजमान वारल्यावर त्यांच्या मागावर स्वतः बसली. वाडीत मागावर बसणारी ती एकटीच बाई. सर पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी तिला बघितलं, आणि तिचाच फोटो प्रत्येक घोंगडीच्या लेबलवर आला. बाकीच्या विणकरांना कंपनीला माल द्यायला आबांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, तयार केलं. आबांचा शब्द वाडीत कोणी मोडत नाही.

भंडाऱ्याचं शेवटी सांगितलं, कारण ती माझी कल्पना. आमच्यात कोणावर आळ आला की बिरोबापुढे भंडारा उचलतात. देवाची हळद तळहातावर घेऊन कोणी खोटं बोलत नाही. म्हणून प्रत्येक घोंगडीबरोबर चिमूटभर भंडाऱ्याची पुडी जाते आणि तिच्यावर मी लिहिलेली ओळ : ‘ही घोंगडी हातमागाची, शुद्ध लोकरीची. बिरोबाची साक्ष.’ पहिला भंडारा आबांनीच देवळातून आणून दिला होता. पुढे तो पुरेना. आता सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद येते. हळद ती हळदच.

सृष्टीने सगळ्यांत आधी टाळ्या वाजवल्या. ती माझ्याच खोलीवर राहते, मेढ्याची आहे, गोडाऊनला पॅकिंगचं बघते. परत येताना म्हणाली, “तू बोलतेस ना राणी, तेव्हा मला पण खरं वाटतं.”

१५ डिसेंबर, रविवार. पाचगणी

नाताळच्या गर्दीसाठी आत्याला कंपनीच्या गाडीतून इथल्या दुकानात आणलंय. दाराशी तिच्यासाठी छोटा माग बसवलाय. ती विणते, लोक फोटो काढतात. लेबलवरचा तिचा फोटो मोठा करून बाहेर लावलाय. आपण तिकडे बघतच नाही असं ती दाखवते, पण पदर मात्र फोटोत आहे तस्साच घेते.

मुंबईच्या एक बाई आल्या होत्या. दुकानाच्या तिन्ही भिंती छतापर्यंत घोंगड्यांनी भरलेल्या. त्यांनी वर बघत विचारलं, “आजी, या सगळ्या तुम्ही केल्यात?” आत्या तोंडाला पदर लावून हसली. बाई म्हणाल्या, “किती लाजतात!” त्यांनी घोंगडी घेतली. आमच्या माणसांचा हा साधेपणाच लोकांना भावतो.

दुपारी आम्ही दोघी मागच्या पायरीवर स्ट्रॉबेरी खात बसलो होतो.

“राणे, एवढी घोंगडी येत्यात कुठनं गं?”

“सगळीकडनं, आत्या. माण, जत, कवठे. आपली एकच वाडी थोडीच हाय?”

“व्हय? मग बरं हाय की.” मग आणखी एक स्ट्रॉबेरी चावून म्हणाली, “लय आंबाट हाय गं ह्ये.”

संध्याकाळी वारं सुटलं, मी काकडायला लागले. सर म्हणाले, “घे की एक अंगावर, दुकान आपलंच आहे.” मी म्हटलं, जॅकेट आहे. खरं तर कंपनीची घोंगडी मला उबेची वाटत नाही. दिवाळीत सगळ्यांना एकेक मिळाली होती, ती मी घरमालकीणबाईंना देऊन टाकली. चांगलीच आहे, पण हलकी. मला लहानपणापासून आत्याच्या जड घोंगडीची सवय, तीच खोलीवर आणलीय. सवयीचा प्रश्न आहे.

२७ डिसेंबर, शुक्रवार. सातारा

एक तक्रार आली. आष्ट्याजवळच्या एका बिरोबाच्या देवळातले पुजारी, बाळासो नावाचे. त्यांनी देवाच्या बैठकीला आमची घोंगडी नेली होती. धुपाटण्यातला निखारा तिच्यावर पडला. फोनवर म्हणाले, “बाई, घोंगडं करापलं न्हाई. पाघळलं. मेणावानी. लोकर कवा पाघळती व्हय?”

मी शांतपणे सांगितलं, असं होऊच शकत नाही. ते ऐकेनात. “तुमी बघाय या,” एवढंच म्हणत राहिले. शेवटी मी त्यांना दोन पानी पत्र लिहिलं. आपल्या श्रद्धेचा आम्ही आदर करतो, परंतु आपल्याकडची घोंगडी कोणीतरी बदललेली असावी. एका कष्टाळू विणकर आजीच्या प्रामाणिकपणावर संशय घेण्याआधी आपण आपल्या आजूबाजूच्या माणसांकडे एकदा बघावं. खाली सही केली : राणी, भामाबाईंची भाची.

सरांनी पत्र सगळ्या ऑफिससमोर वाचून दाखवलं. वाचताना मध्येच थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “असं मनापासून लिहिणारं माणूस पैसे देऊन मिळत नाही.” माझे कान तापले होते, अभिमानाने.

३ जानेवारी, शुक्रवार

पुजाऱ्यांच्या मुलाने व्हिडिओ टाकलाय. देवाची बैठक. काळं घोंगडं. मधोमध वितळून गोळा झालेलं भोक, चकचकीत. तो बोटाने टोकरतो तर कडक लागतं, टकटक वाजतं. मग माझं पत्र. मग लेबल. त्याने आत्याचा चेहरा इतका जवळून घेतलाय की तिच्या गालावरचं गोंदण दिसतं.

दुपारपर्यंत सगळीकडे गेला. खाली लोकांनी लिहिलंय. मी ठरवलं होतं वाचायचं नाही, तरी वाचलं. ‘म्हातारी बघा कशी हसतीय.’ ‘देवाला पण सोडलं नाही.’ ‘हिलाच निखाऱ्यावर बसवा.’

आत्याकडे साधा फोन आहे. तिला दिसणार नाही. दिवसभर मी हेच घोकत होते.

४ जानेवारी, शनिवार

आज ऑफिसात कोणी मोठ्याने बोललं नाही. ग्रुपवर सगळ्यांच्या फोटोत कंपनीचं चिन्ह होतं, ते एकेकाचं गळत गेलं. कोणाच्या जागी गुलाब, कोणाच्या जागी भाचा. मी माझं ठेवलंय.

गोडाऊनचे आप्पासो चहाला आले होते. ते आष्ट्याचेच. म्हणाले, “काल सासरवाडीला गेल्तो. मेव्हणा म्हणतो, पाव्हणं, बसा, खाली घोंगडं न्हाई, चटई हाय, भिऊ नका. सगळी हसली. मी बी हसलो. काय करता?” आणि कपातलं तसंच ठेवून उठून गेले.

सृष्टीला बघायला पाहुणे येणार होते मेढ्याला. तिच्या आईने फोनवर सांगितलं, विचारलं तर म्हण घरीच असते. सृष्टी मला म्हणाली, “एवढी वर्षं शिकले नि घरीच असते. बरं झालं ना?” हसली आणि मग बाथरूममध्ये जाऊन नळ सोडून बसली.

टपरीवर मी जॅकेट उलटं घालून उभी होते. आतलं अस्तर बाहेर. थंडी होती म्हणून काढता येईना. चहावाल्याने विचारलं नाही, पण बघितलं.

कोणीतरी एखादी गठडी चुकीची पाठवली असेल. एका चुकीसाठी आम्ही सगळ्यांनी एवढं मेल्यासारखं का व्हावं?

६ जानेवारी, सोमवार

सरांनी सगळ्यांना बसवलं. डोळे लाल होते, दाढी वाढलेली. “बाहेरच्या एका पुरवठादाराने आपल्याला फसवलं. थोडासा माल. ते आपण निपटू. पण लोकांचा विश्वास जाहिरातीने परत येत नाही.” मग माझ्याकडे वळले. “राणी, तुझे वडील बिरोबापुढे भंडारा उचलतील?”

खोलीत सगळे माझ्याकडे बघत होते. कितीतरी दिवसांनी कोणाच्या तरी डोळ्यांत आशा होती. मी म्हटलं, “उचलतील. का नाही उचलणार?”

रविवारी वाडीत शूटिंग ठरलं.

७ जानेवारी, मंगळवार

आबांना फोन केला.

“आबा, एक मागायचं हाय.”

“माग की. मेंढरू देऊ का?” ते फोनवर नेहमी अशीच थट्टा करतात. मी सगळं सांगितलं. व्हिडिओ त्यांना वाडीतल्या पोरांनी दाखवला होता, पण ते स्वतःहून काही बोलले नव्हते.

“भामीला म्या सांगितलं न्हाई अजून,” म्हणाले. मग, “तुला रीत ठाव हाय न्हवं? शब्द तू सांगायचं. ज्याचं काम त्यानं शब्द सांगायचं. म्या हातात भंडारा घ्यायचा आन् तू म्हणशील तसंच्या तसं म्हणायचं. एक अक्षर हिकडं तिकडं न्हाई.”

“आणि आबा, शब्द खोटा निघाला तर?”

“तर मग उचलणाऱ्यानं भोगायचं. सांगणारा सुटतो.” आणि हसले. “आगं, तू एवढी शिकल्याली. तुझ्या शब्दाला म्या काय भ्यायचं?”

फोन ठेवल्यावर मला वाटलं, हे शब्द मी अगदी स्वच्छ मनाने सांगायला हवेत. त्याआधी एकदा गोडाऊन डोळ्यांनी बघून यावं. आजवर दारातूनच परतले होते, आत जायची वेळच आली नव्हती. माझं काम लिहिण्याचं.

९ जानेवारी, गुरुवार

सरळ लिहिते, नाहीतर लिहिणारच नाही.

गोडाऊनच्या दारात आप्पासो म्हणाले, “राणी म्याडम, वाट चुकलासा काय?” मी हसून आत शिरले.

प्लास्टिकमध्ये बांधलेल्या गठड्या, उत्तरेकडच्या कुठल्यातरी गिरणीतून आलेल्या. आत काळी, करडी कापडं. बायका ओळीने बसल्या होत्या. मशीनची शिवलेली कड कातरायची, धागे सोडवायचे, हाताने गाठी मारून दशा करायच्या. मागच्या पत्र्याच्या खोलीत पोत्यांतून लोकरीचा कचरा, आणि त्याच्या थरांत ही कापडं दाबून ठेवलेली.

“हे कशाला?”

“वास लावाय,” आप्पासो म्हणाले. “आठवडाभर दाबलं की मेंढरात निजून उठल्यावानी वास येतो.”

“आणि आमच्या वाडीचा माल?”

“हाय की. त्या वरच्या फळीवर. कोण पाव्हणं आलं की दावाय काढतो.”

बायकांच्या ओळीत सृष्टी होती, मांडीवर कापड, बोटांत गाठ. माझे प्रश्न ऐकून आधी तिला वाटलं मी गंमत करतेय. “म्हणजे तुला माहीत नव्हतं?”

“नव्हतं.”

“अगं, आम्हाला लोकरीतलं काय कळतंय? मी भातखाचरातली. आम्ही सगळ्याजणी म्हणायचो, राणी मेंढरातली आहे, तिला चालतंय ना, मग असंच करत असतील घोंगड्या. तू भंडाऱ्याच्या पुड्या द्यायला यायचीस दारापर्यंत. तू गेल्यावर आम्हाला बरं वाटायचं.”

मी परत म्हटलं, मला माहीत नव्हतं. आप्पासो दोरी गुंडाळत राहिले.

तिथून सरांकडे गेले. त्यांनी नाकारलं नाही, हे मला जास्त लागलं. म्हणाले, “सुरुवातीला सगळं खरं होतं. तुझ्या बिरोबाची शपथ. मग मागणी वाढली. तुझी वाडी किती विणणार? तेव्हा थांबलो असतो तर आज तुझ्या आत्याचा मागही थांबला असता.” मग खुर्ची पुढे ओढून अगदी हळू आवाजात, “खोटं नको बोलूस. तुला शब्द कळतात. एवढंच सांग : आमच्या वाडीत विणलेली घोंगडी शुद्ध लोकरीची असते. हे खरं आहे ना? वडिलांना काही होणार नाही. आणि त्या गोडाऊनमधल्या बायका काम सुटून घरी बसणार नाहीत.”

हे खरंच आहे. प्रत्येक अक्षर खरं आहे. मी ते वाक्य कितीदा तरी म्हणून बघितलं. कुठेच अडकत नाही.

११ जानेवारी, शनिवार. वाडी

जॅकेट साताऱ्यालाच ठेवलं. दहिवडीला गाडीत एक मावशी शेजारी बसल्या. “नोकरी करतीस काय बाय?” मी म्हटलं, “शिकतेय अजून.” दिघंचीपर्यंत त्या मला मन लावून शीक म्हणून सांगत होत्या.

घरी आई चुलीपुढे होती. आबा देवळाकडे गेले होते झाडलोट करायला. मी तिच्या मागे घोंगडीवर बसले आणि सगळं सांगून टाकलं, दशा, कचरा, वास, वरची फळी. तिच्या पाठीला सांगितलं ते बरं झालं.

पीठ मळत म्हणाली, “त्यांनी नवा पटका काढलाय. उद्या उपास धरणार हायत. साऱ्या वाडीला सांगून आलंत, माझी लेक शब्द सांगणार हाय.”

“तू सांगतीस त्यांना?”

“म्या? तुझा शब्द, तूच सांग.”

“आई, मला खरंच ठाऊक नव्हतं गं.”

आईने वळून बघितलं. माझ्याकडे नाही, मी बसले होते त्या घोंगडीकडे. तिचा कोपरा हाताने उगीच सारखा केला. “ऊठ,” म्हणाली, “भाकरी थापू दे.”

आबा आले ते हसतच. हातापायाला धूळ. “आल्या का म्याडम? शब्द घोकून आणलंस न्हवं? ऐनवेळी अडकलीस तर मला म्हाताऱ्याला ताटकळत ठिवशील.” मी म्हटलं, आणलेत.

१२ जानेवारी, रविवार. वाडी

सकाळीच सरांची गाडी आली. कॅमेरावाला मुलगा, छत्री, दिवे. सगळी वाडी देवळापुढे. विणकर पुढे बसले होते, धुतलेली धोतरं नेसून. आत्या खांबापाशी उभी, पदर फोटोतल्यासारखा. काल तिला कोणीतरी व्हिडिओचं सांगितलं असणार, कारण ती माझ्याकडे बघत नव्हती.

आबा अंघोळ करून ओल्या अंगाने आले. देवापुढचा भंडारा उजव्या तळहातावर घेतला, हात पुढे धरला. हात जरासुद्धा हलत नव्हता. “सांग,” म्हणाले.

सरांनी मान हलवली. वाक्य माझ्या जिभेवर तयार होतं. मी तोंड उघडलं आणि त्यांचा हात बघितला. पाणी मनगटावरून कोपराकडे ओघळत होतं आणि हळद कडेने ओली होत होती. ही हळद देवळातलीच होती, यार्डातली नव्हती. का कोण जाणे, मला एवढंच सुचलं.

मी म्हटलं, “लोकरवाट कंपनी जी घोंगडी विकते, ती आमच्या वाडीत विणलेली नाहीत.”

मला वाटलं आबा थांबतील. माझ्याकडे बघतील. ते ओढ्यापल्याडच्या माणसाला हाक मारतात तेवढ्या आवाजात म्हणाले, “लोकरवाट कंपनी जी घोंगडी विकती, ती आमच्या वाडीत विणलेली न्हाईत.”

“ती गिरणीची आहेत. त्यांत लोकर नाही.”

“ती गिरणीची हायत. त्यात लोकर न्हाई.”

सर म्हणत होते, बंद कर, कॅमेरा बंद कर. पण वाडीतल्या पोरांचे मोबाईल चालूच होते.

“आणि हे आम्हाला ठाऊक नव्हतं.”

“आन् ह्ये आमाला ठाव नव्हतं.”

आबांनी भंडारा देवावर उधळला. सर गाडीत बसताना माझ्याजवळ थांबले. रागावले नव्हते. “आत्याचा विचार करायचा होतास,” म्हणाले. गाडी गेली. विणकरांतले अर्जुनाअण्णा उठले, पायताण शोधत आबांना म्हणाले, “म्हंजी दादासो, आमच्या नावावर दुसऱ्याचंच इकत हुतं व्हय? आन् आमी गप माल घालत बसलो.” माणसं एकेक करून गेली. आत्या कधी गेली ते कळलंच नाही.

दुपारी सृष्टीचा मेसेज आला. ‘व्हिडिओ बघितला. तू सुटलीस. आमचं काय ते बघतो आम्ही.’ पुन्हा वाचवला नाही.

तरीही लिहायला हवं की मला आज हलकं वाटतंय. सगळ्यांसमोर खरं बोलले. आबांना खोट्या भंडाऱ्यापासून वाचवलं. लाज आहे, पण निदान ती उघड्यावरची आहे. पुजाऱ्यांना पत्र लिहीन. पहिलं वाक्यसुद्धा सुचलंय.

१३ जानेवारी, सोमवार. भोगी

आईने तीळ लावलेल्या भाकरी केल्या होत्या. आबा जेवायला बसले नाहीत. मला वाटलं कालचा उपास सोडायचा विसरले. ते अंगणात बसून बाभळीच्या काटेरी फांद्यांची शिरी दोरीने बांधत होते. मी ताट घेऊन गेले.

“बस,” म्हणाले. बांधलेली मोळी सोडून परत बांधायला घेतली. “काल म्या म्हणालो ते समदं खरं हुतं न्हवं?”

“व्हय आबा.”

“समदं?”

“व्हय.”

“म्या ‘आमाला ठाव नव्हतं’ म्हणालो.” दोरी ओढून गाठ मारली. “आमाला म्हंजी मला. भामीला. आन् तुला. तू बी आलीस त्यात. म्हणून इचारतो.”

मी म्हणणार होते, गोडाऊनमध्ये मी गुरुवारी पहिल्यांदा गेले, त्याआधी मी काही बघितलेलं नव्हतं. हे खरं आहे. याचंही प्रत्येक अक्षर खरं आहे. पण ते बोलायला मला जो वेळ लागला त्यात आबांनी मान वर केली, आणि मला कळलं की त्यांना उत्तर मिळालंय.

“कवा ठाव झालं?”

“दिवाळीत,” मी म्हटलं. “कंपनीनं घोंगडी हातात दिली तवा. हाताला लागलंच. मग म्या ती देऊन टाकली.” आणि मग तेही अर्धंच वाटलं म्हणून म्हटलं, “त्याच्या आधीच. ठाव करून घ्यायचं नव्हतं आबा. मला तिथं लय मान हुता.”

ते हाताकडे बघत राहिले, उजव्या. तळव्याच्या रेषांत पिवळं अजून होतं. रागावले असते तर मला चाललं असतं.

“मग म्या खोटा झालो,” म्हणाले. कोणाला दोष देऊन नाही. आभाळ भरून आलंय म्हणावं तसं.

ताट तसंच ठेवून उठले आणि चालायला लागले. मी येते की नाही ते वळून बघितलं नाही. मी मागे गेले. देवळापाशी कोणी नव्हतं. कालचा पिवळा सडा तसाच होता, शेळ्यांचे खूर उमटलेले. आबा बाहेरच्या दगडावर बसले.

“आत जा. तूच उचल. तुझं तूच सांग. मला हितवर ऐकू आलं पायजे.”

मी आजवर भंडारा उचललेला नाही. पुड्या भरल्यात ढीगभर. घेताना थोडा खाली सांडला. काय बोलायचं ते सुचेना. इतकं लिहिणारी मी, दोन पानी पत्रं एका बैठकीत लिहिणारी. शेवटी जसं आलं तसं मोठ्याने बोलले. मला ठाव हुतं. हाताला ठाव हुतं, नाकाला ठाव हुतं. मी इचारलं न्हाई. लोकं इश्वास ठेवत हुती ते मला गोड लागत हुतं. आबाला ठाव नव्हतं. आत्याला ठाव नव्हतं.

“आत्याचं राहू दे,” कोणीतरी म्हणालं.

ती दारात उभी होती. कधी आली, किती ऐकलं, कळलं नाही. पदर नेहमीसारखा नव्हता, नुसता डोक्यावर ओढलेला. मागे आबा दगडावरून उठून उभे राहिले होते.

“तिन्ही भिताडं भरली हुती गं पाचगणीला,” आत्या म्हणाली. “म्या मागावर बसणारी बाई. एक घोंगडं उतराय किती जीव जातो मला ठाव न्हाई व्हय? तुला इचारलं, तू काय तरी सांगितलंस, म्या बरं म्हणलं.” ती देवाकडे वळली. “माझा फोटू हुता त्यावर. सारी माणसं थांबून बघायची.”

मला वाटलं ती रडेल, किंवा मला मारेल. तिने पायताण काढलं, उंबरा ओलांडून आत आली आणि कोपराने मला बाजूला सारलं.

“सरक जरा,” म्हणाली, आणि भंडाऱ्याच्या ताटात हात घातला.